चौका धरायला माणूस

लातूरच्या डॉक्टरांनी "प्रोस्टेट" हा शब्द उच्चारला तेव्हा महादेवप्पांनी सगळ्यात आधी मागे वळून दार लागलंय का ते पाहिलं. आजार काय आहे ही नंतरची गोष्ट. बाहेरच्या बाकावर आपल्या औशाचं कुणी बसलेलं नाही ना, ही आधीची. लातूर म्हणजे आडतीपासून दवाखान्यापर्यंत निम्मं पाहुण्यांचंच. लिंगायतांच्या एका घरी कुणी शिंकलं की चौथ्या घरी काढा उकळतो. अशा गावात सत्तरीला टेकलेल्या माणसानं खालच्या अंगाचं दुखणं घेऊन फिरायचं, तर दवंडी वेगळी द्यायला नको.

रक्तात कसलासा आकडा चढला होता. "कॅन्सर असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तिथला बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. नांदेडला एका दवाखान्यात नवं मशीन आलंय. छोटं एमआरआय. कमी ताकदीच्या चुंबकाचं. त्याच्या चित्रात बघून सुई नेमकी जागेवर नेतात. पूर्ण भूल नाही, त्याच दिवशी घरी."

या सगळ्यातलं महादेवप्पांना एकच आवडलं. नांदेड. तिथं त्यांना काळं कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. औशाच्या बाजारात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दुकानातल्या माणसाला सांगितलं, नांदेडला माल बघायला चाललोय. पुण्याच्या मुलाला, राजशेखरला, काहीच सांगितलं नाही. तो दर रविवारी फोन करायचा. "पप्पा, जेवलात?" असं विचारायचा, आणि मग दोघंही पुढचं वाक्य शोधत बसायचे. बायको, पार्वतम्मा, होती तेव्हा ती पुढची वाक्यं तिच्याकडे असायची. ती गेली आणि घरातलं बोलणंच तिच्याबरोबर गेलं. महादेवप्पा एकटे पडले होते, आणि एकटे पडलो असं म्हणायची त्यांना लाज वाटायची.

दवाखान्यातून फोन आला होता, अंगावर धातूचं काही नको. त्यांनी अंगठी काढली, करदोडा काढला. गळ्यातल्या चौक्याशी येऊन मात्र हात थांबला.

चौका म्हणजे चांदीची डबी, आणि आत काळ्या कवचातलं इष्टलिंग. बाळपणी जंगम गुरूंनी गळ्यात बांधलं ते तेव्हापासून अंगावर. खाटेवरून उतरतानाही अंगावर आणि मातीत जातानाही अंगावर. ते खुंटीला टांगायचं नसतं, कपाटात ठेवायचं नसतं. उतरवायची वेळ आलीच, तर ज्याच्या स्वतःच्या गळ्यात इष्टलिंग आहे अशा माणसाच्या डाव्या तळहातावर द्यायचं. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी पार्वतम्मानं धरलं होतं. बाकावर ताठ बसून, डावा हात उघडा ठेवून. महादेवप्पा शुद्धीवर आले तेव्हा ती तशीच होती, आणि हात आखडलाय म्हणून त्यांच्यावरच डाफरली होती. आता कोण धरणार? राजशेखरनं कॉलेजात गेल्या गेल्या आपलं काढून ठेवलं होतं.

मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. स्टीलच्या प्रत्येक दुकानात दोरीला बांधलेलं एक चुंबक असतं. चांगल्या स्टीलला ते चिकटत नाही, हलक्याला चिकटतं. गिऱ्हाईक मागतं, आपण लावून दाखवायचं. महादेवप्पांनी ते चुंबक चौक्याच्या झाकणाला लावलं. चिकटलं नाही. चांदीच ती! मग मशीनचं चुंबक तरी तिला काय करणार? तिथं कुणी आडवं आलंच तर दाखवता येईल म्हणून त्यांनी चुंबक कुडत्याच्या खिशात टाकलं. धंद्यातला माणूस पुराव्याशिवाय घर सोडत नाही.

चुंबकाचा विषय निघाला म्हणजे गुरुलिंगचा निघणारच.

गुरुलिंगचं दुकान महादेवप्पांच्या बरोब्बर समोर. तोच माल, तीच गिऱ्हाइकं, तोच समाज. फार वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, निलंग्याकडची माणसं रुखवताची भांडी घ्यायला महादेवप्पांकडे आली होती. सौदा ठरत आला होता. तेवढ्यात गुरुलिंग रस्ता ओलांडून आला आणि त्यानं सगळ्यांसमोर घागरीच्या बुडाला चुंबक लावलं. खट्‌कन चिकटलं. "बघून घ्या पाव्हणं," म्हणाला आणि गेला. गिऱ्हाईक तुटलं. महादेवप्पांनी भर बाजारात त्याच्या बापाचा उद्धार केला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पण रस्ता केवढासा. गुरुलिंग कधी शटर उघडतो, चहा कितीदा मागवतो, कोणत्या गिऱ्हाइकावर खेकसतो, सगळं महादेवप्पांना पाठ. पार्वतम्मा गेल्यावर सकाळी कानावर पडणारा पहिला ओळखीचा आवाज कोणता, तर समोर गुरुलिंगचा खोकला. दोन कोरडे, एक ओला. वैऱ्याच्या खोकल्यानं दिवस उगवावा, ही काय दशा!

लातूरहून नांदेडची गाडी धरली. अहमदपूर गेलं. या दुखण्याला एसटीचा प्रवास म्हणजे शिक्षाच. लोह्याला गाडी थांबली तसे ते उतरले, पण शेजारच्याला "जरा पिशवीकडे बघा" म्हणायचं धाडस झालं नाही. म्हणून ती पिशवी काखेत मारूनच मुतारीत गेले. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. परत येऊन बसले तेव्हा त्यांना उगाचच भरून आलं, आणि त्यांनी खिडकीबाहेर सोयाबीनकडे तोंड केलं.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. स्वच्छ, गार, आणि सुदैवानं जवळजवळ रिकामा. बाकाच्या टोकाला एक जण पेपर तोंडासमोर धरून बसला होता. वर्षाराणी नावाची मुलगी मशीन सांभाळायची. तिनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे काका?"

"कोणी न्हाई."

"सोबत माणूस लागतो. टोचल्यावर चक्कर येते कधीकधी."

"मला येत न्हाई चक्कर."

तिनं वाद घातला नाही. गळ्याकडे बोट दाखवलं. "हे काढावं लागेल."

"चांदी हाय. चांदीला चुंबक लागत न्हाई," महादेवप्पा म्हणाले, आणि पुरावा सादर करावा तसं खिशातून चुंबक काढलं.

वर्षाराणी दोन पावलं मागे सरली. "काका! एमआरआयला येताना चुंबक घेऊन आलात?"

"तपासाला आणलंय. हे बघ." त्यांनी झाकणाला लावलं. नाही चिकटलं. "बघितलंस?" आणि हात खाली घेता घेता चुंबक चौक्याच्या बाजूला, बिजागरीपाशी घसरलं. खट्.

मागे कधीतरी बिजागरी सैल झाली होती आणि सोनारानं नवी पिन घातली होती. लोखंडाची. महादेवप्पांनी ओढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा खट्. बाकाच्या टोकाला पेपर थरथरला.

"मग डबी काढतो, आतलं नुसतं हातात धरतो," ते झाकण उघडून म्हणाले.

"त्या काळ्या कवचात काय काय असतं काका?"

हे कुणाला ठाऊक! ते कुणी फोडून बघत नसतं.

"लॉकर आहे ना. किल्ली तुमच्याकडेच," वर्षाराणी समजुतीनं म्हणाली.

"लॉकरात ठिवायची चीज न्हाई ती, बाई." त्यांनी पिशवी उचलली. "राहू दे. पुन्हा येतो."

ती मनापासून म्हणाली, "पुन्हा कधी? आकडा बराच चढलाय तुमचा. उशीर करू नका." पण महादेवप्पा जिन्याकडे निघालेही होते. पुन्हा आपण येणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आतलं दुखणं आत वाढेल, औशात कुणाला कळणार नाही, आणि एक दिवस सगळ्यांना एकदमच कळेल. चौका धरायला हाताएवढी जागा नाही म्हणून माणूस मरतो, असं कुणी ऐकलंय का? तसं होणार होतं खरं.

तेवढ्यात पेपरामागून खोकला आला. दोन कोरडे, एक ओला.

महादेवप्पांचा पाय पायरीवरच राहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते काय खोटं? एवढ्या लांब तोंड लपवत यायचं आणि बाकावर कोण बसलेलं असावं!

गुरुलिंगनं पेपर खाली घेतला. डोळ्याखाली काळं आलं होतं. रोज दुरून बघताना ते दिसलं नव्हतं.

"दे इकडं," तो म्हणाला.

"तू... तू हितं काय करायलास?"

"नाटक बघाय आलोय," गुरुलिंग म्हणाला. "तुझं जे, माझं ते. दे."

"तुझ्या हातात देऊ?"

"मग कुणाच्या? त्या पोरीच्या? माझ्या बी गळ्यात हाय." त्यानं सदऱ्याचं बटण काढून दाखवलं.

"माझ्या घागरीला चुंबक लावलं होतंस तू."

"लावलं होतं. लागलं बी होतं." त्यानं खिशात हात घातला आणि दोरीला बांधलेलं चुंबक बाहेर काढलं. "हे बी आणलंय. मला वाटलं, चांदीला काय हुतंय."

"अरे देवा, आणखी एक!" असं म्हणून वर्षाराणीनं दोघांची चुंबकं काढून घेतली आणि टेबलाच्या खणात बंद केली.

हसू महादेवप्पांच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. गुरुलिंगनं डावा तळहात पुढे केला. दुकानात मोड घ्यायला करावा तसा. त्या हाताकडे ते बघत राहिले. इष्टलिंगाला जुने लोक प्राण म्हणत. आपला प्राण उपसून द्यायचा, आणि कुणाच्या हातावर? पण जगात दुसरा हात नव्हता. त्यांनी गळ्यातला शिवदोरा डोक्यावरून काढला, चौका कपाळाला लावला, आणि त्या तळहातावर ठेवला.

"यांचं नातं काय तुमच्याशी?" वर्षाराणीनं विचारलं. तिला सोबतचा माणूस म्हणून नोंद करायची होती.

"समोरासमोर दुकान हाय," गुरुलिंग म्हणाला. तिनं 'मित्र' लिहिलं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

आत बोगदा नव्हता. एमआरआय म्हणजे माणसाला नळीत घालतात असं ऐकून होते. इथं बिछान्यासमोर लहान कपाटाएवढं पांढरं यंत्र होतं, आणि पाय वर टेकवून, गुडघे फाकवून त्याच्या पुढ्यात निजायचं होतं. लाज म्हणून काही शिल्लक राहिली नाही. डॉक्टर तरुण होता, बोलण्यात मऊ. "काका, आधी बधिर करतो. मग मशीन चित्र काढेल. शंका आहे ती जागा दिसली की तिथंच टोचू, उगाच दहा ठिकाणी नाही. फक्त हलायचं नाही."

मशीन घुमायला लागलं, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसं. महादेवप्पांचा हात सवयीनं छातीवर गेला. तिथं काहीच नव्हतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा ते भानावर असताना छाती मोकळी होती, आणि ते मोकळेपण त्यांना भीतीपेक्षा जड गेलं. हर्नियाच्या वेळी निदान झोप तरी दिली होती. पार्वतम्मे, त्यांनी मनात हाक मारली, कुठं गेलीस गं मला टाकून? छताला एक पट्टी सैल झाली होती. तिच्याकडे बघत ते रडले. आवाज न करता, हलायचं नव्हतं म्हणून न हलता. "दुखतंय का?" डॉक्टरनं विचारलं. "न्हाई," ते म्हणाले, आणि सुईचं म्हणाल तर ते खरंच होतं.

बाहेर आले तेव्हा गुरुलिंग ताठ बसला होता. डावा हात मांडीवर उघडा, त्यावर चौका, चौक्यावर उजवा हात झाकण घातल्यासारखा. पेपर पायाशी पडला होता, उचललेला नव्हता. शेजारी कुणीतरी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती. महादेवप्पा दारातच थांबले. एवढं नीट त्यांना आणखी एकाच माणसानं धरलं होतं.

"घे. हात आखडला," गुरुलिंग म्हणाला.

मग त्याची पाळी. त्यानं आपला चौका काढून दिला आणि आत गेला. महादेवप्पा डावा तळहात उघडून बसले. टोचलेली जागा ठणकायला लागली होती, पण ते हलले नाहीत. हातावरचा चौका माणसाच्या अंगाइतका गरम होता. ज्याचं दुकान बुडावं म्हणून एके काळी आपण सोमवारी बेल वाहिला होता, त्याची ती ऊब होती. हळूहळू ती निवली, तसे त्यांनी त्यावर उजवा हात ठेवला. ती निवू नये असं त्यांना वाटलं.

दोघं खाली टपरीवर चहा प्यायले. उभ्यानंच, कारण बसवत नव्हतं. "लक्ष्मम्माला सांगितलंस?" महादेवप्पांनी विचारलं. गुरुलिंगच्या बायकोला लकवा मारलाय हे अख्ख्या औशाला ठाऊक होतं. महादेवप्पा भेटायला मात्र गेले नव्हते.

"तिला काय सांगू? रडाय लागली तर तिला डोळे बी पुसता येत न्हाईत."

चहा संपला. मग गुरुलिंग म्हणाला, "तू म्होरच्या गाडीनं जा. मी मागून येतो. औशात आपण भेटलोच न्हाई." महादेवप्पांनी मान हलवली. त्यांनाही तेच हवं होतं, किंवा हवं असायला हवं होतं.

औशात काही बदललं नाही. दोन शटरं, मधे रस्ता. सकाळी खोकला. फरक एवढाच की महादेवप्पा आता तो कान देऊन ऐकायचे, आणि उशीर झाला तर गल्ला उघडायचे नाहीत.

आठवडी बाजाराच्या दिवशी, दुकानात गर्दी असताना, त्यांच्या फोनवर नांदेडचा रिपोर्ट आला. पाठोपाठ वर्षाराणीचा फोन. "काका, कॅन्सर नाही. सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. सहा महिन्यांनी रक्त तपासा फक्त."

महादेवप्पा मागच्या खोलीत गेले आणि पातेल्यांच्या ढिगाला टेकून उभे राहिले. कुणालातरी सांगायला पाहिजे होतं, आत्ताच्या आत्ता. राजशेखरला फोन लावला. "पप्पा? बाजाराच्या दिवशी कसा फोन? काही झालंय का?" तो घाईत होता, पण आवाजात काळजी होती. महादेवप्पांनी तोंड उघडलं आणि कळलं, की सांगायची सोयच नाही. ज्याला दुखणं सांगितलं नाही, त्याला ते नसल्याचं कसं सांगणार? "न्हाई रे," ते म्हणाले. "जेवलास का?"

फोन ठेवला. एवढी आनंदाची बातमी, आणि ती ऐकण्याजोगं अख्ख्या जगात एकच माणूस. समोरचा.

ते बाहेर आले आणि दुकानाची पायरी उतरले. रस्त्यात पाय टाकला, आणि बैलबाजाराकडे निघालेल्या टेम्पोनं हॉर्न दिला तेव्हा कुठं लक्षात आलं, की रिपोर्ट आज त्याचाही आला असणार. समोर गुरुलिंग गल्ल्यावर बसला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता. महादेवप्पा रस्त्याच्या मधे उभे राहिले. मागे फिरणं सोपं होतं. अशा वेळी चांगली बातमी घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये, एवढी अक्कल त्यांनाही होती. पण त्या तळहाताची आठवण झाली, आणि पाय पुढेच पडला.

फार वर्षांनी ते ती पायरी चढले. दुकानातली माणसं बोलायची थांबली.

"बस," गुरुलिंग म्हणाला. "तुझं चांगलं आलंय."

"कसं वळखलंस?"

"वाईट आलं असतं तर तू रस्ता ओलांडला नसतास. तेवढं वळखतो तुला."

महादेवप्पा स्टुलावर बसले. मग विचारलं. "अन् तुझं?"

गुरुलिंगनं हातातला तांब्या फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला. "बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात जायचंय मंगळवारी. काढून टाकावं लागंल म्हणले." मग मालाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाला, "पोरी येतील दोघी. पण दोघींनी गळ्यातलं सासरी जाऊन काढून ठिवलंय. अन् लक्ष्मम्माचा हात..."

महादेवप्पांना धीराचं एक वाक्य सापडलं नाही. ती वाक्यं पार्वतम्माकडे असायची. आपली चांगली बातमी त्यांना चोरून आणलेल्या मालासारखी वाटली. त्यांनी डावा हात गल्ल्यावरून पुढे केला, तळवा उघडा करून.

"आत्ता कशाला?" गुरुलिंग म्हणाला. "मंगळवारी."

"असू दे."

गुरुलिंग त्या तळव्याकडे बघत राहिला. मग त्यानं तांब्या खाली ठेवला आणि आपला हात, नुसताच, त्यावर ठेवला. हात थंड होता. महादेवप्पांनी त्यावर उजवा हात ठेवला.

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली होती. त्यांच्या दुकानातला माणूसही पायरीवर येऊन उभा होता. महादेवप्पांनी या खेपेला मागे वळून पाहिलं नाही.